एअर सस्पेन्शन : रात्रीत गाडीची एक बाजू बसते, कॉम्प्रेसर बदलावा का?

कऱ्हाडकर
नमस्कार. माझी वॉरंटी संपलेली एसयूव्ही एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्यांवर उभी राहणारी आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी तिची पुढची डावी बाजू बसलेली असते. सुरू केल्यावर कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप) बराच वेळ घरघरतो आणि गाडी वर येते. मात्र अलीकडे डॅशबोर्डवरचा सस्पेन्शनचा दिवा विझत नाही. वर्कशॉपने गाडीच्या संगणकातला दोषाचा कोड वाचून कॉम्प्रेसर बदलायला सांगितले आहे. खर्च मोठा आहे. दोष कॉम्प्रेसरचाच आहे, हे आधी कसे पडताळावे?

घाटवाट
कोडमध्ये कॉम्प्रेसरचे नाव आले, एवढ्यावरून मूळ दोष तिथेच आहे असे ठरत नाही. हे कॉम्प्रेसर सलग चालण्यासाठी बनवलेले नसतात. कुठूनतरी हवा गळत राहिली की त्यांना पुन्हा पुन्हा चालावे लागते, ते तापतात, आणि तापमान मर्यादेपलीकडे गेले की ईसीयू (सस्पेन्शन सांभाळणारा गाडीतला संगणक) त्यांना बंद करून कोड नोंदवतो. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवलात, तर त्याचीही तीच गत होईल.

संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद असतानाही ईसीयू मधूनच जागा होतो आणि एक कोपरा खाली गेला की बाकीचे त्याच्या पातळीला उतरवतो, त्यामुळे सकाळी नेमका दोषी कोपरा ओळखता येत नाही. यासाठी सस्पेन्शनचा फ्यूज रात्रीपुरता काढून ठेवावा. फक्त पुढचा डावा कोपराच बसला, तर संशय तिथल्या बेलोवर (हवेच्या रबरी पिशवीवर), पाइपवर किंवा त्याच्या जोडावर. पुढची दोन्ही चाके सारखीच बसली, तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर, म्हणजे हवा वेगवेगळ्या कोपऱ्यांकडे सोडणाऱ्या झडपांच्या संचावर. मग गाडी सर्वांत उंच पातळीवर घेऊन साबणाचे पाणी फवारा, कारण रबराच्या घडीतल्या भेगा गाडी खाली असताना मिटलेल्या राहतात. स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली हात घालू नये. बेलो अचानक रिकामा झाला तर सुटका नाही.

तारजोड
वरील पडताळणीत एक भर. स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये दिसणारी उंची टेपच्या मापाशी ताडून पाहा. गाडी बसलेली असूनही स्कॅनर उंची ठीक दाखवत असेल, तर उंचीचा सेन्सर, त्याची गंजलेली दांडी किंवा पाणी शिरलेला कनेक्टर तपासावा. सेन्सर बदलल्यास कॅलिब्रेशन (उंचीची नोंद नव्याने जुळवणे) करावेच लागते, नाहीतर गाडी कायमची तिरकी उभी राहते. साध्या स्वस्त ओबीडी रीडरवर (गाडीला जोडून कोड वाचणाऱ्या उपकरणावर) मात्र सस्पेन्शनचे कोड सहसा दिसत नाहीत.

कऱ्हाडकर
दोघांचेही आभार. फ्यूज काढून ठेवल्यावर पुढचा डावा कोपराच बसला, आणि बेलोच्या वरच्या टोकाला, पाइप जिथे जोडला जातो तिथे, बारीक फुगे धरले. बेलोचे रबर शाबूत दिसते. ओळखीचे एकजण म्हणतात, हे सगळे काढून साध्या स्प्रिंगा टाका.

घाटवाट
तसे करू नका. ईसीयू कोड देतच राहील, आणि ज्या गाड्यांत हेडलाइटची पातळी याच सेन्सरवरून ठरते, त्यांत प्रकाशाचाही घोळ होतो. तुमचे काम जोड बदलण्यापुरतेच दिसते. त्यासोबत कॉम्प्रेसरचा रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) बदलून घ्या. जास्त चालून त्याचे संपर्क चिकटतात आणि मग कॉम्प्रेसर बंदच होत नाही. ड्रायरमधील (हवेतला ओलावा काढणाऱ्या भागातील) सिलिका जेलही पाहून घ्यावे, पावसाळी हवेत ते लवकर ओले होते. त्यानंतर कोड पुसून गाडी चालवा. तापमानाचा कोड परतला नाही, तर कॉम्प्रेसरला हात लावण्याचे कारण उरत नाही.