शब्दचर्चा : ‘बॅककोर्ट’ ही जागा की चूक?

प्रश्न : मुलगी शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. पंच मध्येच शिट्टी वाजवून ‘बॅककोर्ट’ म्हणतात आणि चेंडू समोरच्या संघाला देतात. पण तिच्याच संघातल्या मुली मागच्या भागात निवांत पास देत असतात, तेव्हा कुणी शिट्टी वाजवत नाही. मग बॅककोर्ट हे जागेचं नाव की चुकीचं? आणि मराठीत काय म्हणावं?

उत्तर : नाव जागेचं आहे. चूक आहे ती चेंडू तिथे परत नेण्याची. फिबा या बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत कलम 30 चं शीर्षकच ‘चेंडू बॅककोर्टमध्ये परत जाणे’ अशा अर्थाचं आहे. मैदानावर घाईत ‘परत’ गळतं, नुसतं ‘बॅककोर्ट’ उरतं आणि नवख्यांचा गोंधळ होतो.

कोर्ट 28 मीटर लांब, मधल्या रेषेने त्याचे दोन भाग. ज्या बास्केटचं आपण रक्षण करतो तिच्याकडचा अर्धा भाग आपलं बॅककोर्ट. समोरच्या संघासाठी तीच फरशी फ्रंटकोर्ट. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की हेही उलटं होतं. म्हणून ‘मागे’ ऐकलं की आधी विचारायचं, चेंडू कुणाच्या ताब्यात आहे?

प्रतिप्रश्न : म्हणजे एकदा रेषा ओलांडली की मागे यायचं नाही, एवढंच ना?

उत्तर : ‘ओलांडली’ कधी म्हणायचं, तिथेच खरी वादावादी होते. ड्रिबल करत, म्हणजे चेंडूचे टप्पे पाडत पुढे जाणाऱ्या खेळाडूचे दोन्ही पाय आणि चेंडू, तिन्ही पूर्णपणे पुढच्या भागात टेकले, तरच चेंडू पुढे गेला असं धरतात. एक पाय पलीकडे, एक अलीकडे असताना चेंडू मागच्या सहकाऱ्याकडे दिला तर ती चूक नाही, कारण चेंडू अजून मागेच होता. प्रेक्षक मात्र अशा वेळी हमखास ओरडतात.

आणि मधली रेषा बॅककोर्टमध्येच मोजतात. त्यामुळे चेंडू पुढे नेल्यावर बचाव करणारीने रेटत आणलं आणि चेंडू हातात असताना टाच मधल्या रेषेला लागली, तर संपलं. पंच शरीरासमोर हात हलवून खूण करतात आणि चेंडू बाहेरून आत टाकायला समोरच्या संघाला मिळतो.

आणखी एक शंका : समोरच्या संघातल्या मुलीचा हात लागून चेंडू मागे गेला तर?

उत्तर : खुशाल धावत जाऊन घ्यावा. पाहायचं ते दोनच गोष्टींकडे. पुढच्या भागात चेंडूला शेवटचा स्पर्श कुणाचा आणि मागे गेल्यावर पहिला कुणाचा. दोन्ही एकाच संघाचे, आणि ताबाही त्याच संघाकडे, तर नियमभंग. शेवटचा स्पर्श समोरच्यांचा असेल तर नाही. कित्येक मुली शिट्टीच्या भीतीने असा चेंडू सोडून देतात आणि हातचा ताबा घालवतात. प्रशिक्षकांनी हे सरावात करून दाखवायलाच हवं.

इथेच आणखी एक शब्द जपून वापरायला हवा. हा ‘फाउल’ नाही. फाउल खेळाडूच्या नावावर मांडला जातो, पाच झाले की तिला बाहेर बसावं लागतं. नियमभंगात कुणाच्या नावावर काही लागत नाही, फक्त चेंडू जातो. ‘बॅककोर्टचा फाउल झाला’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं, ते चूक आहे.

आठ सेकंदांचा नियमही यात मिसळू नये. मागच्या भागात ताबा मिळाल्यावर आठ सेकंदांत चेंडू पुढच्या भागात न्यायचा, हे वेगळं कलम. तिथे चूक उशिराची, इथे परतण्याची.

मराठी नावाचं म्हणाल, तर जागेसाठी ‘मागचा अर्धा’ सहज समजतं. नियमभंगासाठी मला ‘माघारी चेंडू’ आवडतं, कारण ‘माघारी’त परत येणं आपोआप येतं. अमेरिकेतले प्रेक्षक ‘ओव्हर अँड बॅक’ ओरडतात, त्यातही तीच कल्पना आहे. ‘पार्श्वक्षेत्र उल्लंघन’ असं काही घडवू नये. शिट्टीनंतर ते कोण म्हणणार? शिवाय उल्लंघन म्हटलं की नुसतं तिथे पाऊल टाकणंच चूक वाटतं.

आणखी एक : एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या बातम्यांत ‘वॉरियर्सचं जबरदस्त बॅककोर्ट’ असं वाचलं होतं. त्यांची मागची फरशी जबरदस्त कशी?

उत्तर : तिथे अर्थ खेळाडूंचा आहे. चेंडू मागून वर आणणारे, बास्केटपासून लांबून खेळणारे गार्ड, त्यांच्या जोडीला मिळून बॅककोर्ट म्हणतात. स्टीफन करी आणि क्ले थॉम्पसन ही वॉरियर्स संघाची तशी गाजलेली जोडी होती. अशा बातमीचं मराठी करताना ‘गार्डची जोडी’ लिहावं. टेनिसमध्ये हाच शब्द बेसलाइनजवळच्या भागासाठी येतो, तिथे हा नियम नाहीच. आणि थ्री-बाय-थ्री, म्हणजे तीन विरुद्ध तीन खेळाडूंचं बास्केटबॉल अर्ध्या कोर्टावर चालतं, त्यामुळे तिथे बॅककोर्टच नसतं. समोरच्यांकडून चेंडू मिळाला की तो आधी बास्केटभोवती आखलेल्या कमानीबाहेर न्यायचा आणि मग बास्केटकडे वळायचं.