सिनेमा संध्याकाळ: आधी ट्रेलर कोणते लावायचे? (आज रात्रीपर्यंत कळवा)

ताई, कार्यक्रम समिती

मंडळी, शुक्रवारी सिनेमाआधी १५ मिनिटं ट्रेलर दाखवायचे हे बैठकीत ठरलंय, तो विषय पुन्हा उघडू नका. वितरकाकडून पाच ट्रेलर आलेत, लिंक काल पाठवली आहे. मागच्या वेळी जे झालं त्यानंतर या वेळी आधी बघितल्याशिवाय एकही लावायचा नाही. गणपतीला गावी गेलेले जे अजून परतले नाहीत, त्यांनीही बघून कळवा. नाना, तुम्ही यातले तीन कणकवलीला थिएटरात पाहिलेत असं वहिनींकडून कळलं. मोठ्या पडद्यावर कसे वाटतात ते लिहा. हॉल नऊला सोडायचा आहे, हे लक्षात असू द्या.

नाना (देवगड)

ताई, घरात रेंज नाही, सड्यावर, उघड्या माळावर येऊन लिहितोय, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

नंबर दोन, मच्छीमाराचा, लावाच. दीड मिनिटाचा आहे. सुरुवातीला नुसता होडी वाळूवरून ओढण्याचा आवाज, माणसं दिसतच नाहीत. मग एक म्हातारी जाळं विणताना मान वर करून बघते आणि पुन्हा खाली घालते. संवाद एकच. गोष्ट काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण ती म्हातारी कुणाची वाट बघतेय ते जाणून घ्यायला मी तिकीट काढणार. ट्रेलरने एवढंच करावं.

त्याच्या उलट नंबर चार. वडील रागावतात, मुलगा मुंबईला जातो, घर विकायला निघतं, मुलगा परत येतो, वडील त्याला मिठी मारतात. बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं दोन मिनिटं चाळीस सेकंदांत सांगून झालं. आता सिनेमात काय उरलं? ज्यांनी दोन वर्षं खपून सिनेमा केला त्यांनाच आपल्या गोष्टीवर भरवसा नाही, याचं मला वाईट वाटतं. कलाकार चांगले आहेत, वडिलांचं काम तर फार चांगलं दिसतंय.

पाच नंबर किल्ल्याचा. सिंधुदुर्ग म्हणून जो दाखवलाय तो उंच कड्यावर आहे, खाली दरी. महाराजांनी १६६४ साली किल्ला बांधायला घेतला तो मालवणच्या समुद्रातल्या कुरटे बेटावर, सपाट खडकावर. त्याची तटबंदी नागमोडी जाते, आणि होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. यातच त्या बांधणीची सगळी हुशारी आहे. तीच घालवली. पण घोडे, गलबतं, आवाज, सगळं भव्य आहे, मुलं बघतील. तीनमध्ये गाणं चांगलं आहे, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

आता नंबर एक. हा लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पुन्हा कोकण, पुन्हा पाऊस, पुन्हा वरून ड्रोनने दाखवलेली माडांची रांग आणि मग धुक्यातला वाडा. वाडासुद्धा काळ्या दगडाचा, घाटावरचा. आमच्याकडे घर असतं चिऱ्याचं, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाचं, कौलारू, पुढे पडवी. तेही सोडतो. पण त्यांनी गाऱ्हाणं, म्हणजे गावाने मिळून देवाला घातलेलं साकडं, घेतलंय. देवळात गुरव हात जोडून उभा, "बा देवा म्हाराजा" म्हणतो, मागे सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो, आणि त्या प्रत्येक "व्हय म्हाराजा"वर ढोलाचा दणका देऊन एक एक प्रेत दाखवलंय. माझ्या आजारपणात गावाने माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं होतं. मुंबईला गेलेला प्रत्येक मुलगा सुखरूप राहावा म्हणून ते घालतात. कणकवलीच्या थिएटरात त्या "व्हय म्हाराजा"ला पुढच्या रांगेतली मुलं किंचाळली. आमच्याच जिल्ह्यातली मुलं असणार ती. मला पुढचा सिनेमा नीट बघवला नाही.

माई

नानांना पूर्ण पाठिंबा. मे महिन्यात नातू गावी आला होता, आठ वर्षांचा. इथेच जन्मलेला, कोकण त्याने पहिल्यांदा बघितलं. पहिल्या रात्री पडवीत झोपायला तयार होईना. मला विचारतो, "आजी, आपल्या घरात कोण मेलंय?" मी विचारलं, असं का रे? तर त्याने मोबाईलवर असलाच कुठला तरी ट्रेलर बघितला होता. तीन रात्री दिवा लावून झोपलो. चौथ्या दिवशी शेजारच्या मुलांबरोबर व्हाळावर, ओढ्यावर गेला तेव्हा कुठे त्याची भीती गेली.

शुक्रवारी पहिल्या दोन रांगा मुलांच्या आहेत. कृपा करून विचार करा.

बंटी

माई, तुमचं पटतं, पण भुताच्या गोष्टी आपल्याच आहेत ना? मला आजीनेच सांगितल्यात. तिच्या गोष्टीतला देवचार, म्हणजे गावाची राखण करणारं भूत, रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडायचा. २०१६ ला झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' ही भुताची मालिका सुरू झाली तिचं शूटिंग सिंधुदुर्गातल्या आकेरीत झालं, तर लोक गाड्या करून तो वाडा बघायला यायला लागले. आणि २०२४ चा 'मुंज्या', कोकणातल्या भुताचा हिंदी सिनेमा, शंभर कोटींच्या पुढे गेला. लोकांना आवडतं म्हणून निर्माते करतात. एक नंबरचं एडिटिंग पाचांत सगळ्यांत चांगलं आहे. सुरुवातीचे पाच सेकंद बघा, यूट्यूबवर कुणी पुढे ढकलू नये म्हणून आधी झटपट चार दृश्यं, मग सगळं शांत, मग दिवा. मला तो फारच आवडला.

नाना (देवगड)

बंटी, आजीच्या गोष्टीतला देवचार वाट दाखवायचा असं तूच लिहिलंस. या ट्रेलरमध्ये वाट दाखवणारा कोण आहे सांग. भुताच्या सिनेमाला माझा विरोध नाही. गाऱ्हाणं हे देवाशी बोलणं आहे, ते भुताच्या तोंडी नको, एवढंच म्हणतोय.

भाई (दाभोळ)

अस्सलाम आलेकुम आणि नमस्कार मंडळी. मीही गावीच आहे.

नानांना नंबर दोन एवढा आवडला, पण मला त्यात एक चूक खटकली. धो धो पावसात ट्रॉलर समुद्रात जाताना दाखवलाय. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ते दिवस माशांच्या अंडी घालण्याचे, आणि समुद्रही खवळलेला. आमच्या खाडीत त्या दोन महिन्यांत सगळ्या बोटी वर काढून ठेवतात, डागडुजी चालते, जाळी शिवतात. ती म्हातारी जाळं विणतेय हे बरोबर, पण त्याच पावसात पोरगा बोट घेऊन बाहेर? घरात कुणी जाऊच देणार नाही.

दुसरं म्हणजे बंदर दाखवलंय आमच्या बाजूचं, हर्णै असावं, आणि जो एक संवाद आहे तो मालवणीत. कोकण म्हटलं की मालवणीच, असं सिनेमावाल्यांनी ठरवूनच टाकलंय. मालवणी सिंधुदुर्गात. रत्नागिरीत संगमेश्वरी आहे, रायगडात आगरी आहे, आमच्या घरातली कोकणी बोली तर कुठल्याच ट्रेलरमध्ये ऐकू येत नाही. माझी आई सिनेमा बघताना दरवेळी विचारते, आपल्यासारखं कुणी बोलत का नाही?

नाना (देवगड)

भाई, बंदी मला माहीत आहे. पण तो परतीचा पाऊसही असू शकतो, ऑक्टोबरातला. तेव्हा बोटी समुद्रात असतात आणि अचानक वारा सुटतो. बोलीचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. आणि मालवणीसुद्धा त्यांना धड येत नाही. तो नायक "मी इलो" म्हणतो. आमच्या देवगडात "मी इलंय" म्हणतात, "इलो" म्हणजे तो आला. सेटवर गावातला एक माणूस बसवला तर पहिल्या दिवशीच दुरुस्त होईल.

भाई (दाभोळ)

परतीचा पाऊस असेल तर माझी तक्रार मागे. पण मग आकाशात वीज दाखवायला हवी होती, ऑक्टोबरचा पाऊस गडगडत येतो.

दादा (ध्वनी-चित्र)

चर्चा चालू द्या, पण तांत्रिक बाजू माझ्याकडे आहे म्हणून लिहितो. यूट्यूबवरून उतरवलेलं मी लावणार नाही. वितरकाने दिलेल्या फाइलीच लावणार, त्यांची परवानगीही तेवढ्यापुरतीच आहे. नंबर चार अर्ध्यात कापा असं मला कुणीतरी वेगळ्या मेलवर सुचवलं. कापणार नाही, ती दुसऱ्याची वस्तू आहे.

ट्रेलरचा आवाज सिनेमापेक्षा चढा मिसळलेला असतो. मी दोन्हींची पातळी वेगळी लावून ठेवीन. मागच्या वेळी कुणीतरी मिक्सरला हात लावला म्हणून तो प्रकार झाला. या वेळी मिक्सरजवळ फक्त मी.

अप्पा

मी ७४ वर्षांचा आहे, थोडं जुनं सांगतो. ट्रेलर हे नावच 'मागून येणारं' अशा अर्थाचं. अमेरिकेत १९१३ च्या सुमारास पहिल्यांदा पुढच्या खेळाची जाहिरात पडद्यावर आली, आणि सुरुवातीला ती सिनेमा संपल्यावर लावत. लोक उठून जायला लागले म्हणून पुढे आणली. आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. ट्रेलर कुठला, दुपारी गावातून भोंगा फिरायचा, "आज रात्री, आज रात्री", आणि गाडीला एक पोस्टर. त्या पोस्टरवरून आम्ही दिवसभर गोष्ट रचायचो. रात्री सिनेमा वेगळाच निघायचा, तरी आमचीच गोष्ट बरी होती असं वाटायचं. दहिकाल्यालाही, म्हणजे आमच्याकडच्या दशावतारी नाटकालाही तसंच. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, त्यात गणपती, सरस्वती, संकासुर, सगळे येऊन जातात. मग आख्यान, म्हणजे मुख्य गोष्ट. आडदशावतार बघताना आख्यान कुठलं ते कळत नाही, पण माणूस जागा होऊन बसतो. नाना म्हणतात ते हेच.

माझी सूचना: ट्रेलर सिनेमानंतर लावा.

खजिनदार

अप्पा, आदर ठेवून सांगतो, नंतर शक्य नाही. पाचला सुरू, सिनेमा दोन तास वीस मिनिटं, मध्यंतर चहा-वड्यासह अर्धा तास, आवराआवर. नऊनंतर हॉलवाले जादा तासाचे पैसे लावतात, मागच्या वेळी लागलेत. आधीच लावा, आणि पाच नको, तीन पुरेत.

शिवाय मागच्या वेळी दोन कुटुंबांनी तिकिटाचे पैसे परत मागितले होते, ट्रेलरमध्ये दाखवलेलं गाणं सिनेमात नव्हतं म्हणून. त्याचं काय करायचं तेही एकदा ठरवा.

वकीलवहिनी

खजिनदार, यावर निकाल आहे. एका हिंदी सिनेमाच्या प्रोमोत गाणं होतं, सिनेमात नव्हतं. एक शिक्षिका ग्राहक मंचात गेल्या, तिथे तक्रार फेटाळली, पण राज्य आणि राष्ट्रीय आयोगात त्यांच्या बाजूने लागलं, १०,००० रुपये भरपाई. पण एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रोमो म्हणजे प्रस्ताव नव्हे, त्यातून करार होत नाही, असं म्हटलं. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये एका न्यायाधीशाने थोडं वेगळं म्हटलं होतं: ट्रेलर ही व्यापारी जाहिरात आहे, त्यामुळे फसवणुकीचा दावा ऐकता येईल. तो दावाही पुढे टिकला नाही.

माझं स्वतःचं मत मात्र त्या शिक्षिकेच्या बाजूने आहे. त्या गाण्यासाठी त्यांच्या मुलांनी हट्ट केला होता, आणि गाणं नाही म्हणून मुलं रात्री जेवली नाहीत असं त्यांनी तक्रारीत मांडलं होतं. कायद्यात बसत नसलं तरी प्रेक्षकाचं मन मोडतंच. तर मंडळाने पैसे परत द्यायची गरज नाही, पण ट्रेलर लावण्याआधी ताईंनी माइकवर सांगावं की हे पुढचे सिनेमे आहेत, आजचा नव्हे. मागच्या वेळी निम्मा गोंधळ त्यानेच झाला.

बंटी

वहिनी, ते मी सांगू का माइकवर? ताई स्टेजमागे असतात.

दादा (ध्वनी-चित्र)

माइक मिक्सरवरच आहे. बंटी चालेल, पण साउंड चेकला साडेचारला ये.

ताई, कार्यक्रम समिती

सगळ्यांचं वाचलं. नंबर एकच्या पाटीवर 'यूए १६+' आहे. २०२४ च्या शेवटापासून सेन्सॉर बोर्ड यूएमध्ये ७, १३, १६ अशी वयं घालतं ते याचसाठी. आपल्याकडे पहिल्या दोन रांगा मुलांच्या, त्यामुळे एक बाद. बंटी, तुला वाईट वाटेल, पण पाटीच तशी आहे. नानांचं गाऱ्हाण्याबद्दलचं पत्र मी वितरकाला जसंच्या तसं पाठवते, नाना हरकत नसेल तर. निर्मात्यापर्यंत पोचू दे.

चारही नको, वडिलांचा सिनेमा लोकांनी गोष्ट आधी न कळता बघावा. राहिले दोन, तीन, पाच. या क्रमाने.

नाना (देवगड)

हरकत नाही, जरूर पाठवा. माझं नाव घातलंत तरी चालेल.

फक्त क्रम बदला. किल्ल्याचा पहिला, मग गाण्याचा, आणि दोन नंबर शेवटी. ती म्हातारी मान खाली घालते, मग तीन-चार सेकंद नुसता समुद्राचा आवाज आहे. त्यानंतर लगेच आपला सिनेमा सुरू होऊ दे. मध्ये ढोलताशे आले तर तो आवाज कुणालाच ऐकू येणार नाही.

दादा (ध्वनी-चित्र)

पाच, तीन, दोन. दोनचा आवाज एक खूण वर ठेवतो, समुद्र ऐकू यायला हवा.

भाई (दाभोळ)

मी गुरुवारी रात्री पोचतोय, शुक्रवारी येतो. दादा, ऑक्टोबर की जून, ते मोठ्या पडद्यावर आकाश बघून सांगतो.