विषय: एका गियरची स्वस्त सायकल, रविवारपर्यंत ठरवायचंय

मंडळी,
भाच्याने ती पांढरी सायकल पुन्हा दाखवली. 9,500 रुपये, रविवारी पैसे भरायचे. पुढे पायडलच्या चक्रीला 46 दाते, मागच्या चक्रीला 16. मागचं चाक एका बाजूने फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं), उलटं बसवलं की फिक्स (चाक फिरतंय तोवर पायडलही फिरते). ब्रेक फक्त पुढे. त्याला फिक्सच चालवायची आहे, कासारवडवली ते माजिवडा, ठाण्याच्या घोडबंदर रोडने, क्लाससाठी. खारघरचे काका आणि बाकीच्यांनी आजच सांगा. गियरची घ्या असं सांगू नका, तेवढं बजेट नाही.
– कासारवडवली

---

एक गियर चालेल, 46/16 चालणार नाही. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 6 मीटर पुढे जाते. फ्लायओव्हरच्या चढावर पोरगा उभा राहून दाबत बसेल आणि मागून टँकर येईल. 44/18 असती तर फेऱ्याला 5 मीटरच्या आसपास. मिनिटाला 60 फेरे मारले तरी ताशी 18 किलोमीटर होतात, क्लासला पुरे. पुढची पायडलची चक्री बदलणं महाग पडतं, म्हणून मागे 18 चं फ्रीव्हील टाक. ते साध्या सायकलचं असतं, कुठेही मिळतं.
फिक्स मात्र घोडबंदर रोडवर नको. पाय थांबवता येत नाहीत. खड्डा आला की आपण पायडल आडवी धरून उचलून घेतो ना, ते करता येत नाही. वळताना सायकल कलली आणि खालची पायडल रस्त्याला लागली तर मागचं चाक उचललं जातं.
– खारघर

---

काका, मी तीन वर्षं नवी मुंबईत पामबीच रोडवर फिक्स चालवतोय. पहाटे, सपाट रस्ता. पावसात मागच्या चाकाची पकड पायाला कळते, तसं दुसऱ्या कुठल्या सायकलवर कळत नाही. सरसकट नको म्हणू नका. आणि येऊरच्या डोंगरावरच्या ट्रिपला 44/18 पुरलं असं तुम्ही मागेही लिहिलं होतंत; त्या ट्रिपचा रस्ता मी आखला होता, निम्मे लोक उपवनच्या पुढे उतरून चालत होते.
– नेरूळ

---

उतरून चालले ते गियरवालेही होते. आणि पामबीच म्हणजे घोडबंदर नव्हे.
– खारघर

---

दोघेही ब्रेकवर बोला ना. इथे ब्रिटनमध्ये 1983 च्या नियमाप्रमाणे सायकलला दोन स्वतंत्र ब्रेक लागतात. फिक्स असेल तर मागचं चाक पायाने थांबतं, तो एक धरतात, पण पुढचा हातब्रेक हवाच. भाच्याची सायकल त्यात बसेल. चाक उलटून फ्रीव्हील केलं की मात्र मागचा ब्रेक शून्य. पुढची केबल तुटली तर काय करणार? सगळे फ्रीव्हील सुचवताहेत आणि हे कोणीच लिहिलं नाही.
 
– खजिनदार

---

खजिनदार वहिनींचा मुद्दा बरोबर. मागे दोन दांड्यांमधल्या आडव्या पट्टीला ब्रेकसाठी भोक आहे का, ते आधी बघ. स्वस्त फिक्समध्ये पुष्कळदा भोकच नसतं, मग कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) कुठे अडकवणार? भोक नसेल तर घेऊ नकोस, रंग कितीही छान असो.
आणखी एक, माझ्यावर बेतलेलं. फिक्सच्या दात्यावर, म्हणजे मागच्या चक्रीवर, एक लॉकरिंग (घट्ट धरणारी कडी) लागते, तिची आटी उलटी असते. पाय मागे दाबले तरी दातं सुटू नये म्हणून. दुकानातल्या माणसाने फ्रीव्हीलच्या आटीवर फिक्सचं दातं फिरवून दिलं, लॉकरिंगला तिथे जागाच नव्हती. तलावपाळीला सिग्नलवर पाय मागे दाबले, दातं सुटलं, मी रिक्षाच्या मागच्या बंपरवर. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. चूक माझीही, मी न बघता चालवत निघाले.
एका गियरला मात्र कोणी नावं ठेवू नका. बाबा कळव्याहून वागळे इस्टेटला काळ्या सायकलवर जायचे, वर्षानुवर्षं, डबा कॅरियरला. तिला एकच गियर, 28 इंची चाकं, लोखंडी दांड्यांचे ब्रेक. वर्षातून एकदा छर्रे आणि ग्रीस, बाकी काही नाही.
– पाचपाखाडी

---

ताई, काळ्या सायकलचं वजन किती होतं ते विसरलात. पण खर्चाचं बरोबर. 9,500 मध्ये चाकं घाईने भरलेली येतात. आरे सगळे सारखे ताणलेले नसतात, महिन्याभरात आउट येतो, म्हणजे चाक डगमगतं. पहिल्या दिवशीच आउट काढून घ्या, 300 किलोमीटरनंतर पुन्हा. त्याचे पैसे बाजूला ठेवा. पंक्चर काढताना मागचं चाक सुटलं की चेन ढिली-ताठ बघून बसवायची, साधारण सेंटिमीटरभर खालीवर हलली पाहिजे. पोराला 15 नंबरचा पाना बरोबर द्या.
फिक्स हवीच असेल तर वर्षभराने, रविवारी सकाळी, मी शिकवतो.
– नेरूळ

---

सगळ्यांना धन्यवाद. दुकानदाराला फोटो मागितला, भोक आहे. मागचा कॅलिपर आणि 18 चं फ्रीव्हील बसवून देतो म्हणाला, 750 जादा. चेन तीच चालेल का, की दोन कड्या वाढवाव्या लागतील? तो उद्या 11 ला दुकान उघडतो, त्याआधी सांगा.
– कासारवडवली

---

मागे चाक पुढे-मागे सरकवायची खाच लांब असेल तर तीच पुरेल. दोन दात्यांना चाक जेमतेम 6 मिलिमीटर पुढे सरकतं. त्याला फ्रेमवर चेन लावूनच बघायला सांग, अंदाजाने कापू देऊ नकोस.
– खारघर