बांधकाम परवान्याची फाईल पंचायत ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून नाकारते. अपील करावे की नवा अर्ज?

डोंगरपायथा

उत्तर गोव्यातील आमच्या गावात वाड्यामागच्या डोंगराचा उतार कापून बांधकाम सुरू झाले असून पावसाळ्यात वरून उतरणारे पाणी ज्या व्हाळातून जाते, त्याच्या तोंडाशी मातीचा भराव पडला आहे. या कामाला पंचायतीने कशाच्या आधारे परवाना दिला, हे समजावे म्हणून मी माहिती हक्क कायद्याखाली पंचायत सचिवांकडे अर्ज केला. परवाना का दिला, देताना व्हाळाचा विचार झाला होता काय, ग्रामस्थांना विश्वासात का घेतले नाही, असे तीन मुद्दे त्यात होते आणि चौथ्या मुद्द्यात परवान्याची व मंजूर आराखड्याची प्रत मागितली होती. मुदतीत लेखी उत्तर आले. पहिले तीन मुद्दे ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत’ आणि चौथा ‘त्रयस्थ व्यक्तीशी संबंधित असून तिची हरकत आहे’, एवढेच त्यात म्हटले आहे. शिवाय अर्ज मराठीत असल्याबद्दल लेखनिकाने तोंडी नाराजी दर्शवली. आता अपील करावे, की इंग्रजीतून नवा अर्ज करावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आवकजावक

पहिल्या तीन मुद्द्यांवर अपिलात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार माहिती म्हणजे कार्यालयाकडे कोणत्या ना कोणत्या रूपात असलेले साहित्य: नोंदी, टिपणे, आदेश, अहवाल, नमुने. सेल्सा पिंटो विरुद्ध गोवा राज्य माहिती आयोग या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली ‘का’ या प्रश्नाचे उत्तर माहितीच्या व्याख्येत येत नाही असा निर्वाळा दिला, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या अनेक कार्यालयांना तो निकाल तोंडपाठ आहे.

परंतु परवाना का दिला याचे उत्तर फाईलमध्ये असते आणि कागद मागितले की ते हाती येते. म्हणून नव्या अर्जात सर्व्हे क्रमांक देऊन परवान्यासाठी आलेला मूळ अर्ज, त्यासोबतचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकी-कब्जाची नोंद) व सर्वेक्षण नकाशा, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, जागेच्या पाहणीचा अहवाल, ज्या पंचायत बैठकीत हा विषय आला तिचे इतिवृत्त व ठराव, आणि फाईलवरील टिपणे यांच्या प्रमाणित प्रती मागाव्यात. ‘व्हाळाचा विचार झाला होता काय’ असे न विचारता ‘सदर जागेतील पाण्याच्या निचऱ्याबाबत फाईलवर असलेले सर्व अहवाल व पत्रव्यवहार’ असे लिहावे. असा एकही कागद नसेल, तर ‘उपलब्ध नाही’ हे सचिवांना स्वतःच्या सहीने लिहून द्यावे लागते, आणि पुढील तक्रारीत त्या एका ओळीचे वजन मोठे असते.

डोंगरकापणीची परवानगी हा वेगळा विषय आहे. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ नुसार डोंगर कापण्यास किंवा सखल जमीन भरण्यास मुख्य नगरनियोजकांची पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे ती फाईल पंचायतीत नसेल. अर्जातील असा भाग माहिती हक्क कायद्याच्या कलम ६(३) खाली पाच दिवसांत संबंधित खात्याकडे पाठवणे सचिवांचे कर्तव्य आहे खरे, तरी आपण नगरनियोजन खात्याकडे स्वतंत्र अर्ज करणे अधिक शहाणपणाचे.

उंबरठा

चौथ्या मुद्द्यावर मात्र अपील अवश्य करावे. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ते गटविकास अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पंचायतीच्या बाबतीत प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे, दाखल करायचे असते. त्यांनी ३० दिवसांत, आणि लेखी कारण देऊन फार तर ४५ दिवसांत, निर्णय द्यावा लागतो.

त्रयस्थ व्यक्तीची हरकत आली म्हणजे माहिती नाकारलीच पाहिजे, असा समज कार्यालयांनी सोयीने रूढ केला आहे. कायदा तसे म्हणत नाही. कलम ११ लागू होते ते त्या व्यक्तीने गोपनीय म्हणून दिलेल्या किंवा गोपनीय मानलेल्या माहितीला. अधिकाऱ्याने तिला पाच दिवसांत नोटीस द्यायची, तिने दहा दिवसांत म्हणणे मांडायचे, आणि ते विचारात घेऊन निर्णय मात्र अधिकाऱ्याने स्वतः, माहिती नाकारण्याचे कलम ८ किंवा ९ मधील कोणते अपवाद लागू होतात हे नमूद करून, द्यायचा. आपल्याला आलेल्या उत्तरात असा अपवाद नमूद केलेला दिसत नाही. त्रयस्थ व्यक्तीला नोटीस केव्हा गेली आणि हरकत केव्हा आली, हे अपिलात विचारावे. अनेकदा नोटीस काढलेलीच नसते.

एक सावधगिरी बाळगावी. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती हक्क कायद्याच्या कलम ८(१) मधील वैयक्तिक माहितीच्या अपवादाची शब्दरचना बदलली आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. पूर्वी त्या खंडातच असलेली सार्वजनिक हिताची कसोटी आता तेथे नाही. त्यामुळे सचिव अपिलाच्या सुनावणीत तो अपवाद पुढे करू शकतात. त्यावर तीन उत्तरे आहेत. कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताची तरतूद कायम आहे, आणि वाड्यावर पाणी येण्याचा धोका हे हित दाखवण्यास पुरेसे सबळ कारण आहे. कलम ४ नुसार ज्यांना परवाने दिले त्यांचा तपशील कार्यालयाने कोणी न मागताही प्रसिद्ध करायचा असतो. म्हणजे परवाना ही खाजगी गोष्ट आहे असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही. आणि आधार क्रमांक, दूरध्वनी क्रमांक यांसारखा मजकूर झाकून उरलेला कागद कलम १० खाली देता येतो. आपणच ती तयारी दर्शवावी. त्यामुळे नकाराचे निमित्त संपते.

तिसवाडीकर

भाषेबद्दल. माहिती हक्क कायद्यानुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या प्रदेशाच्या राजभाषेत करता येतो. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी ही राजभाषा असून मराठीचा वापर सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी करण्याची तरतूद आहे, तेव्हा लेखनिकाची नाराजी मनावर घेण्याचे कारण नाही. मराठीतच लिहावे, फक्त कागदपत्रांची नावे फाईलवर जशी असतात तशी, ‘कन्स्ट्रक्शन लायसन्स’, ‘टेक्निकल क्लिअरन्स ऑर्डर’ अशी, लिहावीत, म्हणजे ‘काय हवे ते कळले नाही’ असे म्हणायला वाव राहत नाही. कागद ज्या भाषेत आहेत त्याच भाषेत मिळतील. भाषांतर करून देणे कार्यालयावर बंधनकारक नाही.

डोंगरपायथा

सर्वांचे आभार. अपील आणि नवा अर्ज दोन्ही करतो. परंतु या मुदती संपेपर्यंत काम पूर्ण होईल, त्याचे काय? आणि फाईल ‘सापडत नाही’ असे सांगितले तर?

आवकजावक

माहितीच्या अर्जाने काम थांबत नाही, ही अपेक्षाच ठेवू नये. डोंगरकापणीची तक्रार छायाचित्रांसह मुख्य नगरनियोजकांकडे आणि बांधकामाची तक्रार पंचायतीकडे आजच द्यावी व आवक शिक्का घ्यावा. पुढील अर्जात त्या तक्रारीवर काय कारवाई झाली याचे कागदही मागता येतात.

नव्या अर्जात प्रतींबरोबर फाईलच्या प्रत्यक्ष पाहणीचीही मागणी करावी. समोर बसून पाने चाळली म्हणजे कोणता कागद आहे आणि कोणता नाही ते कळते, आणि प्रती फक्त हव्या त्या पानांच्या, पानामागे दोन रुपये भरून, घेता येतात. फाईल सापडत नाही हे कारण कलम ८ किंवा ९ मध्ये कोठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली विश्वास भांबुरकर प्रकरणात, एकदा कार्यालयाकडे असलेली माहिती सापडत नसेल तर कसून शोध घ्यावा आणि गरज पडल्यास चौकशी करून जबाबदारी निश्चित करावी, असे म्हटले आहे. तसे उत्तर आल्यास अपिलात चौकशीची मागणी करावी, आणि गटविकास अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे. दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करण्याचा अधिकार आयोगालाच आहे, गटविकास अधिकाऱ्यांना नाही. त्यामुळे प्रथम अपिलात दंडाची मागणी करून मजकूर लांबवू नये.