मदत हवी आहे: आमची इमारत भूकंपात टिकेल का, हे नेमके कोणत्या तपासणीने कळते?

इंदिरानगरचा_सचिव: आमच्या सोसायटीचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले. रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे चांगले आल्यामुळे अहवालात ‘भूकंपास सुरक्षित’ असा शेरा आहे. दुसरे अभियंता मात्र पुशओव्हर विश्लेषणाशिवाय असे म्हणताच येत नाही, असे सांगतात आणि त्याचा खर्च मोठा आहे. रविवारी सर्वसाधारण सभा आहे, तेव्हा कोणाचे ऐकावे ते कृपया लवकर सांगा.

काँक्रीटमित्र: इमारत कोणत्या साली बांधली, मजले किती, खाली पार्किंग मोकळे, म्हणजे भिंतींविना, आहे का आणि सळयांचे नकाशे आहेत का, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. हॅमरवरून काँक्रीटच्या पृष्ठभागाच्या कठीणपणाचा, आणि त्यावरून ताकदीचा, केवळ अंदाज येतो. जमीन हलल्यावर सांगाडा कसा वागेल, हे त्यातून कळत नाही.

गोदाकाठ: तीस वर्षे होत आली असतील तर सरळ पुनर्विकासाला द्या. आमच्या सोसायटीने तेच केले.

इंदिरानगरचा_सचिव: पुनर्विकासाचा प्रश्नच नाही. इमारत १९९८ची, पार्किंग अधिक चार मजले. पार्किंग अर्थातच मोकळे आहे. नकाशे महापालिकेने मंजूर केलेले आहेत.

काँक्रीटमित्र: मंजूर नकाशात सळया नसतात, आणि त्या माहीत नसतील तर पुशओव्हरही अंदाजावरच उभे राहील. त्या पद्धतीत संगणकावरील प्रतिकृतीला आडवा जोर टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात आणि कोणता खांब आधी हार खातो ते पाहतात. जुन्या इमारतींच्या भूकंप-तपासणीचे भारतीय मानक आयएस १५९८८ : २०१३ प्रमाणे आधी प्राथमिक मूल्यमापन आणि त्यात उणीव आढळली तर सविस्तर, असा क्रम आहे. आपले नाशिक भूकंपक्षेत्र तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, धरले जाते, म्हणून निर्धास्त राहू नका; २००१च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत मोकळ्या पार्किंगच्या इमारती कोसळल्या, हे विसरू नये.

सळई_आणि_सिमेंट: इतके लांबण कशाला? खांबांना कार्बन फायबरचे कापड गुंडाळा. आमच्याकडे केले आहे.

काँक्रीटमित्र: रोग कळण्याआधीच औषध कसे देणार? मोकळ्या पार्किंगमुळे तळमजलाच लवचीक असेल तर नुसत्या गुंडाळण्याने त्याचा कडकपणा फारसा वाढत नाही. तिथे भिंती किंवा तिरके आधार द्यावे लागतात.

सळई_आणि_सिमेंट: भिंती बांधल्या तर गाड्या कुठे लावायच्या, हेही सांगा.

इंदिरानगरचा_सचिव: गळतीमुळे एका खांबाचे प्लास्टर तुळईजवळ सुटले होते. आज तिथे टेप लावून पाहिले, तर उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांमध्ये २२ सेंटिमीटर अंतर आहे आणि त्यांची टोके काटकोनात वळवलेली दिसतात.

काँक्रीटमित्र: भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या आयएस १३९२० या मानकाप्रमाणे तिथे रिंगा १० सेंटिमीटरहून दूर नसाव्यात आणि टोके १३५ अंशांत आत वळलेली असावीत, नाहीतर हादऱ्यात रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. तो फोटो रविवारी सभेपुढे ठेवा आणि आधी सगळ्या खांबांच्या सळया कव्हर मीटरने (काँक्रीटच्या आतल्या सळया हुडकणाऱ्या उपकरणाने) शोधण्याचा ठराव करून घ्या. पुशओव्हरचा निर्णय त्यानंतर घेता येईल.

इंदिरानगरचा_सचिव: कव्हर मीटरसाठी प्लास्टर काढावे लागते का?