गाय गाभडली आहे, दुसरीचं दूध उकळून प्यायलं तर चालेल का?

आमच्या दोन जर्सी गायींपैकी एक परवा सातव्या महिन्यात गाभडली. वार पडेना, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, उघड्या हातांनीच ओढून काढली. पशुवैद्यक रक्ताचा नमुना घेऊन गेले. ब्रुसेल्लोसिसची (गाई गाभडतात आणि माणसालाही होतो, त्या जंतूंच्या आजाराची) शंका आहे, अहवाल येईपर्यंत जपा म्हणाले. दुसरी गाय दुभती आहे आणि दोघी एकाच दावणीला असतात.

माझी मुलगी चार वर्षांची. तिला आबांनी धारोष्ण दुधाची सवय लावली आहे. रोज सकाळी पेला घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहते, धार थेट पेल्यात. आबा म्हणतात, उकळलं की दुधातला कस जातो. त्यांचं मन मोडवत नाही, पण दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही.

दूध एकदा वर आलं की पुरे का? आणि कधी कधी मी निरशा दुधालाच विरजण लावते, ते ताक चालेल का? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद 1
ताई, मी दूध शीतकरण केंद्रात काम करतो. पाश्चरीकरणात दूध 63 अंशांवर 30 मिनिटं किंवा 72 अंशांवर 15 सेकंद ठेवतात. ब्रुसेल्लाचे जंतू तेवढ्यात मरतात. उकळलेलं दूध त्याच्या बरंच पुढे गेलेलं असतं. पण साय धरली की दूध कडेनं लवकर फुगतं, म्हणून पळीनं तळापासून ढवळत राहा आणि वर आल्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवा. प्रथिनं, कॅल्शियम कुठे जात नाही, आबांना नक्की सांगा.

निरशा दुधाचं दही, ताक, लोणी बंद. आंबटपणावर भरवसा ठेवू नका. आणि निरसं दूध गाळलेल्या गाळणीनंच उकळलेलं दूध गाळायचं, हे घरोघरी चालतं. गाळणी वेगळी करा. गाभडलेल्या गाईचं दूध मात्र अहवाल येईपर्यंत घरात नको आणि डेअरीलाही नको.

प्रतिसाद 2
मला दुधापेक्षा आबांच्या हातांची काळजी वाटते. हा आजार वारेतून, गर्भपाण्यातून माणसाला होतो. पुढच्या काही आठवड्यांत ताप येऊन-जाऊन राहिला, रात्री घाम फुटला, कंबर-सांधे दुखले, तर डॉक्टरांना आधी सांगा, 'घरची गाय गाभडली होती.' नाहीतर टायफॉइड, मलेरियाच्या तपासण्यांतच दिवस जातात. वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली का? कुत्री उकरतात. कालवडी असतील तर 4 ते 8 महिन्यांच्या वयात लस मिळते, दवाखान्यात विचारा.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. वार उकिरड्यावर टाकली होती. आज ह्यांनी हातमोजे घालून चुन्यासकट पुरली. आबांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. बोलले काहीच नाहीत, पण सकाळी नातीच्या हातातला पेला त्यांनीच घेतला आणि चरवी सरळ चुलीपाशी आणून ठेवली.

एकच विचारायचं आहे. मुलगी परवापर्यंत निरसं दूध प्यायली आहे. ताप नाही. तरी दाखवू का?

प्रतिसाद 2
हो, उद्याच. लक्षणं दिसायला दोन-चार आठवडे, कधी त्याहून जास्तही लागतात. आबांनाही सोबत न्या.