आपल्याच माणसाचा हेवा वाटला तेव्हा... (अनुभव लिहा)

राग आला तर माणूस चारचौघांत सांगतो, भीती वाटली, रडू आलं हेही आता लोक बऱ्यापैकी मोकळेपणाने बोलायला लागलेत. पण "मैत्रिणीचं चांगलं झालं आणि माझ्या पोटात दुखलं" असं स्वतःच्या तोंडाने सांगणारं माणूस क्वचितच भेटतं. म्हणून हा धागा.

विषय मुद्दाम आटोपशीर ठेवतेय. लांबच्या कोणा श्रीमंताबद्दल नको, जवळच्या माणसाबद्दल लिहा, कारण हेव्याचं मूळच जवळिकीत असतं असं माझं ठाम मत आहे. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं की आपण किती पाण्यात आहोत हे बघायला माणूस आपल्याच बरोबरीचं कोणीतरी शोधतो. पुढे अब्राहम टेसर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की जवळच्याचं यश अभिमानाचं वाटणार की बोचणार हे ती गोष्ट आपण 'आपली' मानतो का यावर ठरतं. बहीण सुंदर गाते आणि मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तर मी गावभर कौतुक सांगत फिरेन. मीही गात असेन तर मात्र अवघड आहे. हेसिअड नावाच्या ग्रीक कवीने तर अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की कुंभार कुंभारावर जळतो आणि भिकारी भिकाऱ्यावर.

आपल्याकडे मत्सराला थेट षड्रिपूंत बसवलंय, त्यामुळे तो वाटला की माणूस आधी स्वतःला वाईट ठरवतो आणि मग गप्प बसतो. इथे कोणी कोणाला वाईट ठरवू नका, एवढीच विनंती. आणि नुसता प्रसंग नको, तेव्हा तुम्ही कसे वागलात, नंतर नात्याचं काय झालं तेही लिहा.

खिडकीजवळची जागा

पुण्यात सदाशिव पेठेत एका खोलीत आम्ही चौघं, सगळे एमपीएससीवाले. त्यातल्या एकाचं आणि माझं सगळ्यात जास्त जमायचं, अभ्यासिकेत शेजारी शेजारी बसायचो, नोट्स एकच, महिनाअखेरीला पैसे संपले की मेसचा डबासुद्धा एकच मागवून दोघं खायचो. फायनल लिस्ट लागली, त्याचं नाव आलं आणि माझं अगदी थोडक्यात राहिलं. त्या रात्री त्याला खांद्यावर घेऊन गुलाल उधळणाऱ्यांत मीपण होतो, स्टेटसला त्याच्यासोबतचा फोटोपण ठेवला, पण सगळा वेळ डोक्यात एकच चालू होतं की पेपर दोनमधल्या त्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटच्या मिनिटाला बदललं नसतं तर.

आणि गंमत बघा, आमच्यातला जो पूर्वपरीक्षेतच उडाला होता तो सगळ्यात जास्त नाचत होता, मनापासून. मला तेव्हा कळेना याला वाईट कसं वाटत नाही. नंतर मानसशास्त्राचं थोडं वाचलं त्यात १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकवरचा अभ्यास सापडला, त्यात मेडल घेतानाचे चेहरे तपासले होते आणि ब्राँझवाले सिल्व्हरवाल्यांपेक्षा जास्त खूश दिसले. सिल्व्हरवाला वरच्याकडे बघतो, ब्राँझवाला 'निदान मिळालं तरी' म्हणून खालच्यांकडे बघतो. माझं तेच झालं होतं, हुकलं ते जेवढं जवळून हुकतं तेवढं जास्त जाळतं.

मग गावात त्याचे फ्लेक्स लागले, त्याच्या आईने माझ्या आईला फोन केला, आणि आईने मला विचारलं, "तुझं कधी रे?" त्यानंतर मी त्याचे फोन उचलायचं बंद केलं. तो रागावला नाही. इंटरव्ह्यूच्या तयारीचे सगळे कागद स्कॅन करून एकेक पाठवत राहिला, सोबत मेसेज काही नाही. आज मी दुसऱ्या पोस्टवर आहे ते तेच कागद वाचून. आता बोलतो आम्ही, पण या विषयावर एकदाही नाही.

धागाकर्ती

@खिडकीजवळची जागा, फार मोकळेपणाने लिहिलंत. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये हेव्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले होते, एकात माणसाला स्वतः वर चढावंसं वाटतं, दुसऱ्यात समोरच्याला खाली ओढावंसं वाटतं. कोणता वाटेल हे बरंचसं यावर ठरतं की त्याचं यश आपल्याला रास्त वाटतं की नाही. मित्राने किती घासलंय हे तुम्ही रोज शेजारी बसून बघितलं होतं, त्यामुळेच ते कागद तुम्ही फेकून दिले नाहीत असं मला वाटतं.

नाइट ड्युटी

मला इथे जरा वेगळं बोलायचंय. मी नर्स आहे, कंत्राटी. त्याच वॉर्डात, त्याच पाळीत माझ्यासोबत जी कायम सिस्टर आहे ती माझी चांगली मैत्रीण, सलाइन ती लावते तशीच मीही लावते, रात्री पेशंट सिरियस झाला की धावतो दोघी. पगारात मात्र निम्म्याहून जास्त फरक. तिला बाळंतपणाची रजा, पेन्शनचं खातं, माझी दर ११ महिन्यांनी ऑर्डर संपते आणि एक दिवसाचा ब्रेक देऊन नवीन निघते. एकदा मीटिंगमध्ये मी हा विषय काढला तर वरचे म्हणाले, "सिस्टर, दुसऱ्याच्या ताटात बघायची सवय बरी नाही."

म्हणजे मी हक्काचं मागितलं आणि ते जळफळाटात जमा झालं. सगळ्यात वाईट म्हणजे माझी मैत्रीण तिथेच बसली होती आणि तिला वाटलं की मी तिच्याबद्दल बोलतेय. काही आठवडे आमच्यात फक्त कामापुरतं बोलणं होतं. हेवा वाटतो का मला? वाटतो ना, तिच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनचं ऐकलं की आत कुठेतरी टोचतं. पण ते टोचणं आणि समान कामाला समान वेतन मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्यांना द्यायचं नसतं ते मुद्दाम दोन्ही एक करतात. माकडांचा तो प्रयोग आठवा, २००३ मधला, सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या संशोधकांचा. दोन कॅपुचिन माकडं, काम एकच, शेजारणीला द्राक्ष आणि हिला काकडी, तर हिने काकडी नाकारली. त्या माकडिणीला कोणी म्हणालं नाही की तू जळतेस.

बिनधास्त वाचक

@नाइट ड्युटी, तुमच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. फक्त त्या प्रयोगाबद्दल एक, नंतर काही संशोधकांनी म्हटलं की माकडाला शेजारणीशी तुलना करून राग आला असेलच असं नाही, समोर द्राक्ष दिसतंय आणि मिळत नाही एवढ्यानेही ते चिडेल. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. तुमच्या वॉर्डातल्या अन्यायाला माकडाची साक्ष लागत नाही, तो उघडाच आहे.

तिसरी घंटा

राज्य नाट्य स्पर्धेला आमचा हौशी ग्रुप वर्षानुवर्षं उतरतो. आमच्याच शहरात दुसरा ग्रुप आहे, तिथला दिग्दर्शक आधी आमच्यातच होता, माझ्यासोबत बॅकस्टेज करून वर आलेला. त्यांचा प्रयोग बघायला आम्ही सगळे मागच्या रांगांत बसलो होतो. दुसऱ्या अंकात ब्लॅकआऊट झाला आणि लाइट येईचना. आतून लेव्हल (स्टेजवरचे लाकडी चौथरे) सरकवल्याचा आवाज, काहीतरी धाडकन पडलं, कोणीतरी दबक्या आवाजात "थांब थांब" म्हणालं. परीक्षकांच्या टेबलावरचा छोटा दिवा तेवढा चालू. आणि त्या अंधारात मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, छातीत अगदी हलकं वाटलं. शेजारी बसलेल्या आमच्या लाइटवाल्याने माझा हात दाबला, म्हणजे त्यालाही तेच वाटत होतं.

जपानमध्ये हिदेहिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूचे स्कॅन घेऊन हेच तपासलंय. ज्याचा हेवा वाटतो त्याच्याबद्दल वाचताना मेंदूत वेदनेशी संबंधित असलेला एक भाग जागा होतो, आणि त्याच माणसाचं काही वाईट झालं हे कळलं की बक्षीस मिळाल्यावर जो भाग जागा होतो तो. ज्यांना हेवा जास्त वाटला होता त्यांना हा आनंदही जास्त झाला. त्यामुळे मी स्वतःला राक्षस म्हणणार नाही. पण नाटकवाला म्हणून मला त्याचा त्रास झाला, कारण स्टेजच्या आतल्या अंधारात सामान शोधणाऱ्या पोरांची काय अवस्था होते हे प्रेक्षागृहातल्या इतर कोणाहीपेक्षा मला जास्त माहीत होतं, आणि तरीही.

प्रयोग त्यांनी सावरला, छान सावरला. पडदा पडल्यावर मी आत गेलो आणि त्याला सांगितलं की ब्लॅकआऊटनंतरचा प्रवेश फार चांगला झाला. ते खरंच होतं.

कॅश काउंटर

नवराबायको दोघं एकाच बँकेत, दोघं क्लार्क म्हणून लागलो. प्रमोशनची परीक्षा दोघांनी दिली, ती पास झाली, ऑफिसर झाली, मी राहिलो. धाग्यात वर टेसरचं लिहिलंय ते वाचून मला माझंच घर दिसलं. बायको रांगोळी स्पर्धेत पहिली आली होती तेव्हा मी ऑफिसभर फोटो दाखवत फिरलो होतो. या वेळी नातेवाइकांसमोर पेढे मीच वाटले, अभिमानाने वाटले, आणि घरी आल्यावर तिने ब्रँचचं काही सांगायला सुरुवात केली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. ती काय ते समजून गेली आणि बँकेचं बोलणंच बंद केलं. आमच्याकडे आधी जेवताना दुसरं काही बोलणंच नसायचं.

मग तिची बदली झाली लांब, मुलगा माझ्याकडे. रोज रात्री फोनवर त्याचा अभ्यास, डबा, ताप यावर बोलायचो. एकदा तिचं कॅश टॅली होत नव्हतं, फार उशीर झालेला, घाबरून तिने मला फोन केला आणि मी इकडे कागद घेऊन तिच्यासोबत एकेक व्हाउचर तपासत बसलो. सापडला फरक, दोन आकडे उलटे पडले होते. त्या दिवसापासून ती परत ब्रँचचं सांगायला लागली आणि मीही ऐकायला लागलो. हेवा गेला असं नाही म्हणणार, पुढच्या वेळी परीक्षा देतोय, तिनेच फॉर्म भरायला लावलाय.

दोन लेकींची आई

छोटंसंच लिहिते. धाकटी झाली तेव्हा थोरली साडेचार वर्षांची. तिने बाळाला कधी मारलं नाही, ओरडली नाही, फक्त स्वतःच्या हाताने जेवायचं सोडून दिलं. सगळे म्हणायचे शहाणी आहे, अजिबात मत्सर नाही. मला मात्र कळत होतं. मानसशास्त्रज्ञ सिबिल हार्ट यांनी तर सहा महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केलेत, आई पुस्तक वाचत बसली तर बाळ एवढं अस्वस्थ होत नाही, पण आई हुबेहूब बाळासारख्या बाहुलीला कुशीत घेऊन बोलायला लागली की होतं. म्हणजे दुर्लक्षाचं तेवढं नाही, माझी जागा दुसऱ्याला दिली याचं दुःख. साडेचार वर्षांच्या मुलीला ते वाटू नये ही अपेक्षाच चूक. आमच्या सासूबाईंनी फार काही न बोलता बाळाच्या तेलाचं काम थोरलीकडे दिलं, वाटीत तेल कोमट झालं का ते तिने बोट बुडवून सांगायचं, मगच मालिश सुरू. आणि भरवणं आम्ही बंद केलं नाही, तिला हवं तोपर्यंत भरवलं.

न्यू जर्सीहून

इथल्या मराठी घरांतला हेवा गाडीघराचा नसतो, तारखेचा असतो. ग्रीन कार्डाच्या रांगेतली आपली प्रायॉरिटी डेट, म्हणजे ज्या तारखेवरून रांगेतला नंबर ठरतो ती. कोणत्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर आला हे सांगणारं अमेरिकन सरकारचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला येतं तेव्हा तारीख पुढे सरकली की नाही बघायला सगळे तुटून पडतात. कायदा असा की एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून जास्त कार्डं सहसा जात नाहीत आणि देश म्हणजे नागरिकत्वाचा नाही, जन्माचा, म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग फार लांब. आमच्या ग्रुपमधला एकजण, आमच्याच कॉलेजचा, पासपोर्ट भारतीय, मोदक आमच्याकडे येऊन खाणारा, पण त्याचे वडील नोकरीला कुवेतला असताना तिथे जन्मला. त्याचा नंबर कुवेतच्या रांगेत, त्याच्या बायकोचापण त्याच्यामुळे. आमच्यानंतर अर्ज करून त्यांचं कार्ड येऊन गेलं.

त्याने यात काही केलेलं नाही, लबाडी नाही, वशिला नाही. आणि म्हणूनच राग कोणावर काढायचा ते कळत नाही. माझी मुलगी २१ ची व्हायच्या आत आमचं झालं नाही तर ती आमच्या अर्जातून बाहेर पडणार, हे मी रोज मोजते, आणि त्यांच्याकडे सत्यनारायणाला प्रसाद घेताना तेच डोक्यात असतं. एकदा त्याच्या बायकोला हे सरळ सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितीये, म्हणून तर मी तुझ्यासमोर इंडिया ट्रिपचं काही बोलत नाही." दोघी रडलो. तिने ट्रिपचं बोलावं असं मी तिला सांगितलंय.

बागाईतदार

सगळ्यांनी हेवा वाटल्याचं लिहिलं, मी माझाच हेवा दुसऱ्याला वाटला त्याचं लिहितो. द्राक्षबाग आहे, नाशिक जिल्हा. भावाची आणि माझी बाग शेजारी, मधे फक्त बांध. गारपीट पट्ट्यानं पडते, ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. त्या साली माल काढायला आला होता आणि गारा भावाच्या बागेवर पडल्या, मणी फुटले, घड खाली, पानं चाळणी. माझ्याकडं नुसता पाऊस. सकाळी बांधावर उभा राहिलो तर तो माझ्या बागेकडं बघत होता, माझ्याकडं नाही.

व्यापाऱ्याशी सौदा झाला, माल कमी असल्यानं भाव चांगला लागला. भावानं विचारलं काय लागला, मी कमी सांगितला. का सांगितला तर त्याला वाईट वाटू नये म्हणून, आणि थोडं भ्यालो पण होतो, सांगतो. व्यापाऱ्याकडून त्याला खरा आकडा कळला आणि मग गारांचं राहिलं बाजूला, "माझ्यापासून लपवलं" हेच धरून बसला. माणूस दृष्ट लागेल म्हणून लपवतो आणि लपवण्यामुळंच जास्त लागते असं मला वाटतं. पुढची दोन वर्षं पाण्याच्या पाळीवरून, बांधावरच्या लिंबावरून, कशावरून नाही भांडलो.

शेवटी आमच्या मामांनी दोघांना बसवलं. आता माल एकाच व्यापाऱ्याला देतो, भाव ठरवताना दोघं समोर असतो आणि पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) दोघांच्या मोबाइलवर येते. बोलणं सुरू झालंय. वहिनी अजून घरी येत नाहीत.